आगोटीचं घर

वैशाख उतरणीला लागला की कोकणातल्या घराघरांत आगोटीचा विषय निघायचा. ७ जूनच्या सुमारास मृग लागणार, म्हणजे त्याआधी चार महिन्यांचं सामान घरात यायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरातच पडतो. माझ्या लहानपणी, १९७०च्या दशकात, या दिवसांत गाव जगापासून तुटलेलं असे. मुंबईहून बंदरात लागणारी आगबोट पावसाळाभर बंद. व्हाळाला पूर आला की साकव पाण्याखाली, घाटात दरड आली की एसटी पलीकडेच अडकलेली. कोकण रेल्वे सलग धावायला १९९८ साल उजाडायचं होतं. गावात वाण्याचं दुकान होतं, पण त्यातलाही माल पावसाआधी भरलेलाच असे.

म्हणून आमच्या घरात उन्हाळा बेगमीत जाई. कणगीत भात, मडक्यांत नाचणी, कुळीथ आणि वाल, पत्र्याच्या डब्यांत पोहे, फडक्यात गुंडाळलेल्या गुळाच्या ढेपी. खडे मीठ पाझरतं म्हणून त्याचं मडकं वेगळं, चुलीच्या उबेला. आढ्याला कांद्याच्या वेण्या, पडवीत सरपणाची रास, वळचणीला शेणी. बाजाराच्या दिवशी कोळणी टोपल्या घेऊन बसत. त्यांच्याकडून सोडे, सुकट, बोंबील आणि खारा बांगडा घेऊन ते सगळं पुन्हा दोन दिवस उन्हात कडकडीत करून डब्यात जाई. कडधान्याला राख किंवा एरंडेल चोळायचं आणि भातात निगडीचा पाला घालायचा, म्हणजे कीड लागत नाही.

हा सगळा हिशेब आजीच्या डोक्यात असे. तिला लिहिता येत नव्हतं. घरात माणसं किती, त्यांतली लहान किती, आल्यागेल्याचं किती धरायचं, गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतील तेव्हा दहा दिवस ताटं किती वाढतील, हे ती बोटांवर मोजून सांगायची. गणपतीचं सामान ती आधीच वेगळं काढून ठेवी आणि श्रावणात काही कमी पडलं तरी त्याला हात लावू देत नसे. आई कधी म्हणाली, "आत्याबाई, थोडे पोहे त्यातले घेऊ का?" तर उत्तर ठरलेलं: "ते आपले नव्हेत, पाहुण्यांचे."

या बेगमीचं निम्मं भांडवल मागीलदारात उभं होतं. न्हाणीचं पाणी पन्हळीतून थेट अळवाच्या वाफ्यात जाई आणि तिथून पुढे केळीच्या बुंध्याशी. भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासलेली, त्यामुळे त्या पाण्यातही झाडाला बाधेल असं काही नसे. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. शेवगा कुंपणाला, पपई कोपऱ्यात, गवती चहा पायरीपाशी. पहिल्या पावसानंतर माती भिजली की आई आणि काकू बिया टोचत: पडवळ, शिराळी, कारली, दुधी, भेंडी, तवसं, लाल भोपळा. चिव्याच्या काठ्यांचा मांडव घातला जाई आणि श्रावणापर्यंत तो हिरवा होई. पडवळ वाकडा वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं लहानसा दगड बांधायचा, हे काम आम्हा मुलांचं. रोज सकाळी किती इंच लांबला ते पाहायला आम्ही धावायचो.

ऋषिपंचमीला या मागीलदाराचा मान मोठा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. मग अळू, माठ, शिराळं, भेंडी, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस असं परसातलं सगळं एकत्र शिजे. वर्षातून एक दिवस तरी घर स्वतःच्या अंगणावर जेवू शकतं का, याची ती परीक्षाच असे. आमचं घर त्या परीक्षेत कधी नापास झालं नाही, याचं श्रेय घरातल्या बायकांचं आहे.

त्यांनी राखलेलं सगळ्यात मोलाचं धन म्हणजे बी. वेलीवरचं पहिलं, भरदार फळ कुणी तोडायचं नाही. त्याला दोरा बांधलेला असे. ते वेलीवरच पिकू द्यायचं, वाळू द्यायचं, मग बी काढून राखेत घोळवायचं. भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावायच्या. पुढच्या मृगाला भिंतीवरची ती शेणाची चकती सोडवली की बी तयार. शेजारणीकडे कारल्याचं बी गेलेलं असेल तर तिच्याकडून माठाचं मागून आणायचं. बी विकत घ्यायचं असतं हे मला मुंबईला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याचे खरे कष्ट वाळवणात होते. एप्रिल-मे म्हणजे रातांबे. पिकलेले रातांबे फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालींना मीठ लावून त्यांच्याच रसात बुडवायच्या आणि उन्हात पसरायच्या. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पुटं देत देत आमसूल काळंभोर आणि मऊ व्हायचं. उरलेल्या रसात मीठ घालून आगळ, सोलकढीसाठी. बियाही वाया जात नसत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं. ते गार झालं की घट्ट होतं आणि मुठीत वळून त्याचे गोळे करतात. हे मुठेल. हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना आणि ओठांना आम्ही दुसरं काही लावल्याचं आठवत नाही. एका फळातून वर्षाचं आंबट, उन्हाळ्याचं पेय आणि घरचं मलम निघे.

फणसाचंही तसंच. कोवळ्या कुयरीची भाजी, काप्याचे गरे खायला आणि तळायला, बरक्याच्या रसाची साठं, कच्चे गरे खारात. आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात रचून ठेवल्या की आषाढात भाजी नसेल त्या दिवशी आमटीत पडत, नाहीतर चुलीच्या निखाऱ्यात भाजून आमच्या हातात. चारखंड आणि पाती गुरांना. कैऱ्यांचं लोणचं, मोरांबा, खारातल्या कैऱ्या आणि आंबापोळी. उडदाचे पापड, कोहळ्याचे सांडगे, ताकातल्या मिरच्या, पोह्यांच्या मिरगुंडांची ताटं. अंगणात बांबूच्या काठीला काळं फडकं बांधून कावळे हाकलायला एखादं पोर बसवलेलं असे.

लोणचं घालणं हे घरातलं सगळ्यात शिस्तीचं काम. किलोभर फोडींना पाव किलोच्या जवळपास मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, लाल तिखट आणि उकळून पूर्ण गार केलेलं तेल. भांडं चिनीमातीचंच, कारण पितळेत आंबट पदार्थ कळकतो. बरणी आधी उन्हात तापवायची, फोडी कोरड्या फडक्यानं पुसायच्या, तोंडाला दादरा बांधायचा आणि तेल फोडींच्या वर चार बोटं राहील असं पाहायचं. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, ऊन उरलेला ओलावा काढतं, आंबटपणात जंतू वाढत नाहीत आणि तेल हवेला आत येऊ देत नाही. घरातला प्रत्येक दंडक या चार गोष्टींवर उभा होता. ओला चमचा बरणीत गेला तर आजी रागवायची ते उगीच नव्हे. त्या एका चमच्यानं वर्षाच्या लोणच्यावर बुरशी येऊ शकते.

आणि माड. माडाचं टाकायचं काहीच नसतं हे कोकणी पोराला बोलता येण्याआधी कळतं. खोबरं जेवणात, चोथा पुन्हा वाटून चटणीत, करवंटीचा डवला, सोडणांचा सुंभ किंवा जळण, झावळांची झापं, हिरांचा खराटा, पोयीचं पेटवण. घरातल्या बाकीच्या वस्तूंनाही हाच न्याय. आजीची लुगडी मऊ झाली की त्यांची गोधडी, धोतराचे पंचे, पंच्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. वर्षाअखेर वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणानं शिवून पुढच्या वर्षीची कच्ची वही. शिराळ्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, भोपळ्याच्या पानांची भाजी, तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीत गूळ घालून मुलांना खाऊ. शिळा भात सकाळी फोडणीला. यातलं काही आम्ही नाइलाजानं खातोय असं कधी वाटलं नाही, कारण ते चवीनं केलेलं असे आणि आजीही तेच जेवत असे.

या घराची कसोटी १९८२ साली लागली. माझे वडील, गावातल्या कित्येक घरांतल्या कर्त्या पुरुषांप्रमाणे, मुंबईच्या गिरणीत होते. घर मनीऑर्डरवर चाले. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. मनीऑर्डर बंद झाली. काही महिने वाट पाहून वडील गावी आले. गावोगाव असेच बाप, काका, मामा ट्रंका घेऊन परतत होते आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा गिरणीत काम मिळालंच नाही. त्या पावसाळ्यात आमच्या घरात रोकड नावालाही नव्हती. पण कणगीत भात होता, कुळथाची पिठी होती, आमसूल, सुकट, आठळ्या होत्या आणि मांडवावर वेल होते. साखर आणि चहापत्ती सोडली तर आम्ही फारसं काही उधार आणलं नाही. आई-आजीनं वर्षानुवर्षं सवयीनं केलेली बेगमी त्या वर्षी घराचा कणा ठरली. काटकसर ही माणसाला संकटात ताठ उभं ठेवणारी गोष्ट आहे, हे मी तेव्हा शिकले आणि त्यावरचा माझा विश्वास आजही ढळलेला नाही.

आज मी डोंबिवलीत राहते. पाऊस कितीही पडो, दूध, भाजी, पीठ दाराशी येतं. पापड लाटायला कुणी बसत नाही. विकतच्या लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर केली, आणि पुढे घरोघरचं ते काम हजारो बायकांच्या मजुरीचं साधन बनलं. फ्रीज आला, गॅस आला, मिक्सर आला. लोणच्यात आता कमी मीठ चालतं कारण बरणी फ्रीजमध्ये राहते, आणि रक्तदाबाच्या माणसासाठी ते बरंच आहे. चुलीच्या धुरानं आजीचे डोळे कायम लाल असत. तो धूर माझ्या मुलीच्या वाट्याला आला नाही याचा मला आनंद आहे.

जुन्या दिवसांविषयी प्रेमानं लिहिताना हे दडवून चालणार नाही की ती सगळी बेगमी बायकांच्या पाठीवर उभी होती. भर उन्हात अंगणात वाकलेल्या आई आणि काकू, पहाटे जात्यावर बसलेली आजी, रातांब्यांच्या रसानं आणि मिठानं चरचरणारे हात. मला आणि चुलतबहिणींना वाळवण राखायला बसवलं जाई तेव्हा माझा भाऊ व्हाळावर पोहायला गेलेला असे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आई-काकूंच्या श्रमाची मोजदाद त्या घरात कुणीच केली नाही. आजी प्रत्येक दाणा मोजायची, पण बायकांचे तास कुणी मोजले नाहीत. म्हणून ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मी म्हणणार नाही.

तरी काहीतरी मोलाचं सुटलं आहे, आणि ते चवीपेक्षा मोठं आहे. त्या घराला प्रत्येक वस्तूचा मागचा आणि पुढचा प्रवास माहीत असे. भोपळा कुठून आला, त्याची पानं कुठे जाणार, बिया कुठे, साल कुठे, हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येई. आज आमच्या इमारतीतल्या मुलांना भाजी पिशवीतून येताना दिसते आणि कचरा पिशवीतून जाताना. मधलं सगळं अदृश्य झालं आहे. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी गटारात जातं, ओला कचरा गाडीत. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करायला सांगितलं. आमच्या मागीलदारात ही विभागणी कुणी न सांगता होत होती, कारण ओलं तेवढं सगळं गुरांकडे किंवा खताच्या खड्ड्यात जायचं.

गावाकडेही चित्र बदललं आहे. कित्येक घरांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असतं. ज्यांचं घर उघडं आहे त्यांच्या परसात माकडं आणि वानर येतात. पडवळाला दगड बांधायचा तर आधी पडवळ हाती लागायला हवा. लोकांनी वैतागून वेल लावणंच सोडलं. सिमेंटच्या कोब्यानं अंगण झाकलं, न्हाणीची पन्हळ गेली, अळू बाजारातून येऊ लागला. ऋषिपंचमीची भाजी तयार निवडून, चिरून, पिशवीत विकत मिळते. सोय आहे, आणि ज्या सुनेला कामावर जायचं आहे तिनं ती घ्यावीच. पण ज्या सणाचा अर्थ आपल्या अंगणातलं खाण्याचा होता, तो अर्थ त्या पिशवीत येत नाही.

याच काळात आशा वाटावी असंही पुष्कळ घडलं. मुंबई-गोवा महामार्गावर जागोजाग आंबापोळी, फणसपोळी, आगळ, कुळथाचं पीठ विकायला असतं आणि त्यातलं बरंचसं बचत गटांच्या बायकांनी केलेलं असतं. जे हात पूर्वी बिनमोल राबत होते त्यांना आता दाम मिळतो, पुडीवर गटाचं नाव छापलेलं असतं. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात मी दर वेळी आमसूल घ्यायला जाते आणि विकणाऱ्या बाईला पुटं किती दिली ते विचारते. ती खुलते, कारण विचारणारं कुणी भेटलेलं असतं.

बियांच्या बाबतीत तर आजीच्या दोऱ्याला देशानं नमस्कार केला असं मला वाटतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बी जमवलं, जपलं, वाटलं. त्यांना बीजमाता म्हणून ओळखतात आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या एका आदिवासी बाईच्या राखेतल्या बियांना हा मान मिळाला, तेव्हा गावोगावच्या, नाव नसलेल्या कितीतरी आजींच्या कामाचंच मोल झालं. शाळांमधूनही आता पोषण आहारासाठी परसबागा होतात. मुलं स्वतः लावलेला पालक, मेथी, टोमॅटो मध्यान्हीच्या जेवणात खातात. जे पूर्वी घर शिकवत होतं ते शाळा शिकवू लागली, हे चांगलंच आहे, पण घरानं त्यातून अंग काढून घ्यावं असं नाही.

आमच्या गॅलरीत पाच तास ऊन येतं. तेवढ्यात अळू, पुदिना, मिरची, कढीपत्ता, गवती चहा आणि ग्रिलवर चढवलेला दोडका होतो. भाजीची देठं-सालं एका भोकाच्या डब्यात मातीबरोबर कुजवली की तेच खत. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. दोडक्याच्या पहिल्या फळाला दोरा बांधलेला असतो आणि त्याचं बी इमारतीतल्या दोन घरांत गेलं आहे. मे महिन्यात लोणचं आणि आमसूल घरीच होतं, आणि त्याला सगळे बसतात. फोडी मुलगा पुसतो, मीठ-मोहरी नवरा मोजतो, तेल मुलगी उकळते. एका दुपारीत काम उरकतं. आजीच्या काळी ते एकट्या बायकांचं ओझं होतं, तीच दुपार आता घरातल्या चौघांची झाली आहे. नवीन काळाची ही देणगी आहे आणि ती जुन्या विद्येच्या कामी लावता येते.

चार महिन्यांचं सामान भरून ठेवायची गरज आज शहरात कुणाला नाही. पण पुढचं पाहून आज थोडं राखायचं, विकत घेण्याआधी घरात काय आहे ते बघायचं, वस्तू पूर्ण वापरायची आणि दरवर्षी थोडं बी मागे ठेवायचं, या सवयींची गरज कधीच संपत नाही. पगार थांबतात, दुकानं बंद होतात. २०२०च्या टाळेबंदीत ज्यांच्या डब्यांत कडधान्य आणि बरणीत लोणचं होतं त्यांना ते पहिले आठवडे कमी भीतीचे गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

ही विद्या फारशी लिहिलेली नाही. पुस्तकांत कृती मिळतात, पण आमच्या गावच्या उन्हात आमसूल किती दिवसांनी काढायचं, कुठल्या झाडाची कैरी लोणच्याला टिकते, कुठल्या वेलीचं बी धरायचं, हे माणसांकडेच असतं, आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे: येत्या वैशाखात घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. मुलग्यांनाही बसवा. प्रमाण विचारून घ्या, तिच्या देखत एक बरणी आपल्या हातानं भरा. मीठ कमीजास्त झालं तर पुढच्या वर्षी सुधारता येईल. विचारायचं राहून गेलं तर ते सुधारता येणार नाही.